ई-रीडर: पुस्तक हवेतून घ्यावे की केबलने?

दहा-बारा वर्षांपूर्वी जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्यात आग्रा रोडवरच्या एखाद्या मोबाइलच्या दुकानात एक व्यवहार हमखास चालायचा. गिऱ्हाईक फोनमधले मेमरी कार्ड काढून देई, दुकानदार ते कॉम्प्युटरला लावी आणि अहिराणी गाणी, खानदेशी विनोदी व्हिडिओ, एखादा नवा सिनेमा असा ऐवज भरून परत करी. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि कार्ड भरून देण्याचा धंदा बघता बघता बसला. गाणे हवे तेव्हा हवेतून येऊ लागल्यावर ते जवळ साठवायचे कारण उरले नाही.

पुस्तकांचेही असेच व्हावे का? ई-रीडर घ्यायला निघालेला वाचक, मग तो चोपड्याचा शिक्षक असो की शिरपूरची कॉलेजात जाणारी मुलगी, हा प्रश्न विचारतोच. पुस्तक वायफायवरून आपोआप उतरणारे यंत्र घ्यावे, की कॉम्प्युटरला केबल लावून फाइल टाकता येते एवढे पुरे? माझे मत आधीच सांगतो. वायफाय असावे, त्याने सोय फार होते. पण केबलने स्वतःची फाइल टाकता येत नसेल, तर मराठी वाचकाने ते यंत्र घेऊ नये. ही अट मी मराठी वाचकासाठी मुद्दाम घालतो आहे. इंग्रजी वाचकाची जवळपास सगळी पुस्तके एका दुकानात मिळतात. आपली तशी मिळत नाहीत.

ई-रीडर म्हणजे छोटा टॅब्लेट नव्हे. त्याच्या पडद्यावर ई-इंक असते. केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्यांमध्ये काळे आणि पांढरे कण असतात आणि त्यांवर विरुद्ध विद्युतभार असतो. विजेचा इशारा मिळाला की काळे वर येतात किंवा पांढरे वर येतात आणि पान तयार होते. एकदा तयार झालेले पान टिकवायला वीज लागत नाही, ती पान उलटतानाच खर्च होते. म्हणून बॅटरी कित्येक दिवस, कधी आठवडे पुरते आणि उन्हात अक्षर उलट जास्त ठसठशीत दिसते. मात्र वायफाय सतत चालू ठेवले तर ही बचत बरीच कमी होते. ज्यांच्या गावात वीज वेळेवर येत नाही त्यांनी वायफाय काम झाल्यावर बंद करण्याची सवय लावून घ्यावी. खानदेशच्या वाचकाला उन्हाळ्याचीही एक सूचना द्यायला हवी. अशी यंत्रे साधारण ३५ अंशांपर्यंत वापरावीत असे बनवणारे सांगतात आणि जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या डिकीत ई-रीडर ठेवणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य हाताने कमी करणे.

पुस्तकाची फाइल केवढी असते, हेही पाहू. देवनागरीचे एकेक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत तीन बाइट घेते, रोमन अक्षर एकच. तरीही लाखभर शब्दांची मराठी कादंबरी दोन एमबीच्या आसपासच भरते. ईपब ही फाइल मुळात झिप केलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात ती एक एमबीच्याही आत येते. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा मिनिटभराचा व्हिडिओ याहून मोठा असतो. साक्रीच्या पश्चिमेला डोंगराकडच्या गावात रेंज एक-दोन दांड्यांवर अडकली असली तरी एवढी फाइल उतरते. तेव्हा पुस्तकासाठी वेगवान इंटरनेट लागते हा समज खरा नाही. स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ मात्र तीस, पन्नास, कधी शंभर एमबीची असते. तिच्याकडे पुढे येतोच.

या यंत्रांचा इतिहास दोन्ही वाटांनी चालत आला आहे. सोनीचा २००६ चा रीडर केवळ केबलवर चालायचा. १९ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेत आलेल्या पहिल्या किंडलने ती पद्धत मोडली. त्यात मोबाइलचे जाळे आतच बसवलेले होते आणि त्याचा खर्च अ‍ॅमेझॉन भरत होते. कॉम्प्युटर न लावता मिनिटाभरात पुस्तक हातात, ही त्याची खरी नवलाई होती. ऑक्टोबर २००९ मध्ये किंडलची दुसरी आवृत्ती भारतातही मागवता येऊ लागली. पण त्या फुकट जाळ्याला मर्यादा होती. दुकानातले पुस्तक विनाशुल्क उतरायचे, मात्र स्वतःचा कागद त्याच जाळ्यावरून पाठवला तर अमेरिकेबाहेर दर एमबीला ९९ सेंट मोजावे लागायचे. वायरलेस वाट कोणाच्या मालासाठी बांधली आहे, हे तिथेच दिसते.

आपल्या शेजारच्या गुजरातेतही तेव्हा एक प्रयत्न झाला. अहमदाबादच्या इन्फिबीम कंपनीने २०१० मध्ये ‘पाय’ नावाचा ई-रीडर ९,९९९ रुपयांना आणला. त्यात भारतीय भाषा वाचण्याची सोय होती, पण वायफाय नव्हते. पुढच्या वर्षीच्या ‘पाय-२’ मध्ये ते आले. दोन्ही यंत्रे टिकली नाहीत. ऑगस्ट २०१२ मध्ये किंडलचे भारतीय दुकान उघडले आणि बाजार जवळजवळ त्याच्याच हाती गेला. त्या दुकानात मराठी पुस्तके मात्र डिसेंबर २०१६ मध्ये आली. चार वर्षे मराठी वाचकाकडे यंत्र होते, वायफाय होते आणि त्यावर उतरवायला मराठी पुस्तकच नव्हते.

वायरलेसची बाजू मी कमी लेखत नाही. तिचा सर्वांत मोठा गुण आपल्या भागातच दिसतो. खानदेशातल्या असंख्य घरांत स्मार्टफोन आहे पण कॉम्प्युटर नाही. केबल लावायची तर कशाला? अशा घरातल्या वाचकाला फोनचा हॉटस्पॉट चालू करून पुस्तक उतरवता येणे हीच सर्वांत व्यवहार्य वाट असते. स्वतःची फाइलही अशीच पाठवता येते. किंडलला एक ई-मेल पत्ता मिळतो, आपल्या खात्यात मंजूर केलेल्या ई-मेलवरून त्या पत्त्यावर फाइल जोडून पाठवली की ती यंत्रात येते. ई-मेलने पाठवायला ५० एमबीची मर्यादा आहे, वेबसाइटवरून २०० एमबीपर्यंत जाते. अशा रीतीने आलेल्या पुस्तकात आपण कुठल्या पानावर थांबलो हे फोनमधल्या अ‍ॅपलाही कळते. जळगाव-अमळनेर रेल्वेने रोज ये-जा करणाऱ्याला ही सोय मोलाची आहे. गाडीत उभ्याने फोनवर वाचले तर घरी ई-रीडरवर तिथूनच पुढे वाचता येते.

आता अडचणी. पहिली अगदी साधी आहे आणि तिच्यापायी कित्येक जण यंत्र खराब निघाले म्हणून परत करतात. हल्लीच्या फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर चालू होतो आणि बरेचसे जुने ई-रीडर २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात. यादीत नाव दिसत नाही म्हणजे यंत्र बिघडले असे नसते. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड बदलला की नाव दिसू लागते. दुसरी अडचण सार्वजनिक वायफायची. भुसावळसारख्या मोठ्या स्टेशनावर वायफाय मिळते, पण आधी एक पान उघडते, त्यात मोबाइल नंबर घाला, ओटीपी घाला. ई-रीडरचा ब्राउझर त्या पानापाशी बहुतेकदा अडकतो. स्टेशनच्या वायफायवर विसंबून प्रवासाला निघू नये, पुस्तक घरीच उतरवून घ्यावे.

तिसरी अडचण काळाची आहे आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. कागदी पुस्तक पन्नास वर्षांनी उघडते. वायरलेस यंत्र मात्र दुसऱ्या टोकाला कोणीतरी उभे आहे तोवरच चालते. थ्रीजी असलेले किंडल एके काळी महाग आणि मानाचे होते. कंपन्यांनी थ्रीजी बंद केले आणि त्या यंत्रांचा तो भाग निकामी झाला. २२ मार्च २०१६ ही तारीख अनेक जुन्या किंडलधारकांच्या लक्षात असेल. तोवर सॉफ्टवेअर अद्ययावत न केलेली जुनी यंत्रे दुकानाशी जोडलीच जाईनात. मग उपाय काय? कॉम्प्युटरवर नव्या सॉफ्टवेअरची फाइल उतरवा आणि केबलने यंत्रात टाका! हवेची वाट बंद झाली तेव्हा त्या यंत्रांना केबलने पुन्हा चालू केले.

हवेतून आलेले पुस्तक हवेतून परतही जाऊ शकते. जुलै २००९ मध्ये हक्कांच्या गोंधळामुळे अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ या पुस्तकांच्या विकलेल्या प्रती लोकांच्या किंडलमधून दूरवरूनच पुसल्या. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली, पण प्रती गेल्या. एप्रिल २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले. तिथेही पैसे परत मिळाले आणि पुस्तके नाहीशी झाली. आपल्याकडे फ्लिपकार्टने ई-बुकांचा व्यवसाय २०१५ च्या अखेरीस सोडला आणि ग्राहकांना कोबो या दुसऱ्या ई-बुक विक्रेत्याकडे वळवले. त्यानंतरची गोष्ट २६ फेब्रुवारी २०२५ ची. त्या दिवशी अ‍ॅमेझॉनने विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल कॉम्प्युटरवर उतरवून केबलने टाकण्याचा पर्याय आपल्या वेबसाइटवरून काढून टाकला. स्वतःच्या फाइली केबलने टाकणे अजून चालू आहे, हा फरक नीट लक्षात घ्यावा. बंद झाले ते दुकानातून घेतलेल्या बहुतेक पुस्तकांची प्रत स्वतःजवळ ठेवणे. एप्रिल २०२५ मध्ये भारतात १६,९९९ रुपयांना आलेल्या किंडल पेपरव्हाइटलाही हाच नियम लागू आहे. सोळा-सतरा हजार रुपये मोजणाऱ्या माणसाला हे खोक्यावर वाचायला मिळत नाही, म्हणून इथे लिहितो.

आणि आता मराठीचा प्रश्न. आपली वाचनीय पुस्तके आहेत कुठे? काही दुकानात आहेत, हे खरे. बुकगंगासारख्या मराठी विक्रेत्यांकडे संग्रह मोठा आहे, पण त्यांची ई-बुके त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतात, किंडलसारख्या बंदिस्त यंत्रात नाहीत. अँड्रॉइडवर चालणारा ई-रीडर असेल तरच असे अ‍ॅप त्यात बसवता येते. उरलेला फार मोठा साठा फाइलींच्या रूपात विखुरलेला आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कित्येक पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. या मंडळाचे पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. त्यांनीच उभा केलेला मराठी विश्वकोशही आता कोणालाही वाचता येतो. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने शेकडो पुस्तके फुकट देते. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मिळतात. मराठी विकिस्रोतावर हक्कमुक्त पुस्तके आहेत आणि तिथून ईपब फाइल थेट उतरवता येते.

हक्कमुक्त म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी, ते वर्ष संपल्यावर, पुस्तक सर्वांचे होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेले साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचे लेखन मोकळे झाले. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचे पुस्तक १९५२ मध्ये आले. मृत्यूनंतर छापलेल्या पुस्तकाची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात, म्हणून ती गाणी २०१३ पासून सर्वांची आहेत. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते, तिची गाणी आज कोणीही कायदेशीरपणे फाइल करून पोरांना वाटू शकतो. त्या गाण्यांना दुकानाची परवानगी लागत नाही, लागते फक्त फाइल आत घेणारे यंत्र. याच्या उलट, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या हयात लेखकांच्या पीडीएफ ही चोरी आहे. हजार-पाचशे प्रतींवर जगणाऱ्या मराठी प्रकाशकाचे त्यात मरण आहे. केबलच्या बाजूने बोलताना हे स्पष्ट सांगायलाच हवे.

अहिराणीची स्थिती याहून नाजूक आहे. कविता, लोकगीते, म्हणींचे संग्रह छोट्या प्रकाशनांनी किंवा लेखकांनी स्वतःच्या पैशाने छापलेले असतात. मोठ्या ई-दुकानांच्या यादीत ते सहसा नसतात. लेखकाने आपणहून फाइल दिली तर ती वाचकाच्या ई-रीडरमध्ये जाण्याची वाट केबलची किंवा ई-मेलची. ती नसेल, तर खानदेशातल्या घरात खानदेशी बोलीचेच पुस्तक त्या यंत्रावर उघडणार नाही.

केबलची वाट वापरणाऱ्याला चार ठिकाणी ठेच लागते. केबल स्वतःच फसवते. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. यंत्र चार्ज होते आणि कॉम्प्युटरला दिसत नाही. दुकानात मागताना ‘डेटा केबल’ म्हणून मागावी आणि तिथेच लावून पाहावी. कॉम्प्युटर नसेल तर अनेक अँड्रॉइड फोनवरून ओटीजी जोड लावूनही फाइल टाकता येते. नवी किंडल यंत्रे पेन ड्राइव्हसारखी स्वतंत्र ड्राइव्ह म्हणून दिसत नाहीत, फोन जोडल्यावर दिसतो तशी दिसतात. विंडोजवर त्याने अडत नाही, मॅकवर वेगळे सॉफ्टवेअर लागते.

पुढची ठेच ईपबची. किंडलला ई-मेलने ईपब पाठवले तर ते स्वीकारते. तीच फाइल केबलने ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये टाकली तर यादीत येतच नाही. ती आधी एझेडडब्ल्यू-३ प्रकारात बदलावी लागते. हे काम कॅलिबर नावाचे मोफत सॉफ्टवेअर करते. ते मूळ भारतीय असलेल्या कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केले, सोनीचा तो केबलवाला रीडर लिनक्सवर चालत नव्हता म्हणून. आज जगभरचे वाचक आपला संग्रह त्यातच लावतात.

मराठीची खास ठेच मात्र टंकाची. युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि काही छापखान्यांत आजही, मराठी मजकूर अशा फॉन्टमध्ये जुळवला जातो की ज्यात ‘क’चा आकार रोमन अक्षराच्या जागी बसवलेला असतो. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच गुंडाळलेला असल्याने पान छान दिसते. तीच पीडीएफ ईपबमध्ये बदलली की फॉन्ट गळतो आणि रोमन अक्षरांचा नुसता कचरा उरतो. वाचकाला वाटते यंत्राला मराठी येत नाही. दोष यंत्राचा नसतो, फाइलचा असतो. अशी पीडीएफ आहे तशीच वाचावी किंवा ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरे सॉफ्टवेअरकडून ओळखवून, मजकूर काढावा, गूगलची सेवा मराठी पाने बऱ्यापैकी ओळखते. सहा-सात इंची पडद्यावर मोठ्या आकाराच्या पानाची पीडीएफ वाचणे हा डोळ्यांना त्रास आहे. पाठ्यपुस्तके आणि स्पर्धा परीक्षांच्या नोट्स वाचायच्या असतील तर सरळ टॅब्लेट घ्यावा, ई-रीडरवर पैसे घालू नयेत. आणि केबल मिळाली म्हणून पाचशे पुस्तके एकदम ओतू नयेत. शोधासाठी यंत्र प्रत्येक पुस्तकाची सूची आतल्या आत बनवत बसते आणि बॅटरी दोन दिवसांत उतरते.

प्रत जवळ असण्याचे महत्त्व धुळ्याला कोणी शिकवायला नको. शंकर श्रीकृष्ण देवांनी महाराष्ट्रभरचे मठ पालथे घालून रामदासी बाडे गोळा केली, ती आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. समर्थांनी स्वहस्ते उतरवलेले मानले जाणारे वाल्मीकि रामायणही तिथेच आहे. ती टिकली, कारण मठामठांत माणसे बसून नकला करत होती आणि एका मठातली प्रत गेली तरी दुसऱ्यातली उरत होती. १९३२ मध्ये विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. समोर बसून साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्या हातात आहे. मूळ ठिकाण बंद झाले, हरवले, बदलले तरी मजकूर टिकावा, यासाठी प्रत वाचणाऱ्याजवळ असावी लागते. ई-रीडरची केबल हे काम आज करते. ती वापरायला थोडी किचकट आहे, हे मान्य.

म्हणून घेणाऱ्याला माझा सल्ला असा. वायफाय असलेले यंत्र घ्या, सिमकार्डचे किंवा मोबाइल जाळ्याचे मॉडेल जास्त पैसे देऊन घेऊ नका, फोनचा हॉटस्पॉट तेच काम करतो. पैसे देण्याआधी दुकानातच एक मराठी पीडीएफ आणि एक मराठी ईपब यंत्रात टाकून उघडून पाहा, जोडाक्षरे नीट दिसतात का ते तपासा. विनामूल्य किंवा हक्कमुक्त पुस्तकांच्या फाइली फोनमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर स्वतंत्र ठेवा, यंत्र बदलले तरी त्या चालतील.

आणि एक विनंती आपल्या ग्रंथालयांना. जळगावचे व. वा. वाचनालय, धुळ्याचे गरुड वाचनालय, अमळनेरचे साने गुरुजी ग्रंथालय आणि गावोगावची लहान वाचनालये यांनी एक कॉम्प्युटर, दोन चांगल्या डेटा केबल आणि कायद्याने वाटता येतील अशा मराठी-अहिराणी पुस्तकांचा एक फोल्डर वाचकांसाठी खुला ठेवावा. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही त्यांना पुस्तक भरून द्यावे, एके काळी गोलाणी मार्केटात गाणी भरून मिळत तसे. साहित्य संस्कृती मंडळानेही आपली पुस्तके पीडीएफबरोबर युनिकोड ईपबमध्ये द्यावीत. पुस्तके तयार आहेत, वाचकही आहेत. मधली ही जोडणी करून देण्याचा खर्च एका कपाटाच्या किमतीपेक्षा फारसा जास्त येणार नाही.